मुलांची पुस्तके : निवड आणि वाटप

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुलांनी काय वाचावे हा विषय चळवळीच्या कार्यक्रमपत्रिकेवर बहुधा अगदी शेवटी येतो, आणि तोपर्यंत वेळ संपलेली असल्यामुळे तो पुढच्या बैठकीवर ढकलला जातो. भाववाढ, बेकारी, शेतमालाचे भाव, कामगारांचे हक्क हे प्रश्न तातडीचे आहेत यात शंका नाही. परंतु ज्या समाजाने हे प्रश्न उद्या सोडवायचे आहेत, त्या समाजाचे नागरिक आज सहा, दहा किंवा पंधरा वर्षांचे आहेत. आणि त्यांच्या मनाची मशागत कोणी ना कोणी करीतच आहे. बाजार करीत आहे, मोबाइलच्या पडद्यावरील जाहिराती करीत आहेत, जातीच्या आणि धर्माच्या दुरभिमानाचे खाद्य पुरविणारे करीत आहेत. समाजवादी विचाराच्या लोकांनी हे शेत पडीक टाकले म्हणून ते पडीक राहिलेले नाही. दुसऱ्यांनी त्यात पेरणी केली आहे.

या विषयाचे दोन भाग पडतात. मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्यावीत हा निवडीचा प्रश्न झाला. ती पुस्तके त्यांच्या हाती पडणार कशी हा वाटपाचा. साहित्याच्या चर्चांत पहिल्याचाच विचार होतो. पण ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज एकही छापील पान नाही, त्या घरातील मुलाच्या दृष्टीने वाटपाशिवायची निवड म्हणजे न रांधलेल्या जेवणाची यादी होय.

वारसा आणि त्याची मर्यादा

महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीला या बाबतीत मोठा वारसा आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. ज्या माणसाने मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले, त्याच माणसाने मुलांसाठी गोष्टी लिहिणे हे दुय्यम काम मानले नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेले शाहीर लीलाधर हेगडे यांना २०१५ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मुलांच्या रंगभूमीसाठी आयुष्य वेचलेले रत्नाकर मतकरी यांनी उतारवयात ठाण्याच्या वस्त्यांतील मुलांना घेऊन 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. साधना साप्ताहिक २००८ पासून मुलांसाठी स्वतंत्र दिवाळी अंक काढीत आले आहे. परंपरा खंडित झालेली नाही.

तरीही एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मुलांसाठी पुस्तक सुचवा, असे कोणी म्हटले की पुष्कळशा कार्यकर्त्यांच्या ओठांवर आजही 'श्यामची आई' हे एकच नाव येते. ते पुस्तक द्यावेच. त्यात नुसती मातृभक्ती नाही. कर्जाने खचत गेलेल्या कोकणातील एका कुटुंबाची कहाणी आहे, सावकारी आहे, अस्पृश्यतेच्या रूढीला घरातल्या घरात दिलेले छेद आहेत. पण बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आई-बापांबरोबर ऊसतोडीला निघणाऱ्या मुलीला, किंवा मुंबईच्या वस्तीत राहून सकाळी पाण्याच्या रांगेत उभे राहणाऱ्या मुलाला, श्यामच्या घराबरोबरच आणखी घरे दाखवावी लागतील. नव्वद वर्षांपूर्वीच्या एकाच पुस्तकावर सगळा भार टाकणे हा त्या पुस्तकावरही अन्याय आहे. गुरुजींनी आपल्या काळातील मुलांसाठी लिहिले. त्यांचे अनुयायी म्हणविणाऱ्यांनी आजच्या मुलांसाठी काय लिहिले जात आहे ते निदान वाचले पाहिजे.

निवडीचे निकष

पुस्तक निवडताना तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : या पुस्तकात मुलाला स्वतःचे घर सापडते काय? बाजारातील बहुसंख्य चित्रमय पुस्तकांत घर म्हटले की दिवाणखाना, बाग आणि मोटार असते. काम म्हटले की कार्यालयात जाणारा बाप असतो. ज्या मुलाचा बाप गवंडीकाम करतो आणि आई चार घरची धुणीभांडी करते, ते मूल अशा पुस्तकांतून नकळत एकच धडा घेते : पुस्तकात यावे असे आपल्या घरात काही नाही. हा धडा कोणी मुद्दाम शिकवीत नाही, म्हणूनच तो खोलवर रुजतो.

दुसरा प्रश्न : या पुस्तकात मुलाला दुसऱ्याचे घर दिसते काय? सुस्थितीतील मुलाला आदिवासी पाड्याची, भटक्यांच्या पालाची, दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याची ओळख प्रत्यक्ष जीवनात होण्याचे प्रसंग कमी होत चालले आहेत. शाळा वेगळ्या झाल्या, वस्त्या वेगळ्या झाल्या. अशा वेळी निदान पुस्तकाने तरी भिंतीला खिडकी पाडली पाहिजे.

तिसरा प्रश्न चळवळीतील माणसांनी विशेष जपून विचारावा : हे पुस्तक मुलावर विश्वास टाकते काय? पुरोगामी विचारांची पुष्कळ बालपुस्तके हेतूने उत्तम आणि वाचायला नीरस असतात. समतेवर प्रवचन करणारा शहाणा आजोबा आणि माना डोलावणारी नातवंडे असे त्यांचे स्वरूप असते. मूल असे पुस्तक दोन पानांत ओळखते आणि मिटून ठेवते. बोधामृत पाजण्याची सवय सनातन्यांची. ती समाजवाद्यांनी उसनी घेण्याचे कारण नाही. कथेत जीव असला, पात्रे खरी असली, भाषा मुलाच्या जिभेवर रुळणारी असली, तर मूल्ये वेगळी सांगावी लागत नाहीत.

लहान मुलांसाठी

या निकषांवर उतरणारी पुस्तके मराठीत आहेत, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांत मोलाची भर पडली आहे. तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके प्रथम घ्यावीत. 'राधाचं घर' या छोट्या पुस्तकांच्या संचात राधा आपल्या घरातील एकेका माणसाची ओळख करून देते. माणसे साधी आहेत, प्रसंग रोजचे आहेत, उपदेशाचा मागमूस नाही; आणि चित्रेही लेखिकेचीच असल्यामुळे शब्द व चित्र एकमेकांना धरून चालतात. ज्या मुलाला अजून अक्षरे फुटलेली नाहीत तेही चित्रांवरून ही पुस्तके 'वाचू' शकते. घर मध्यमवर्गीय आहे हे खरे. म्हणून वस्तीतील मुलांपुढे ती वाचताना प्रत्येक मुलाला आपल्या घरातील माणसांवर असेच एक पान तयार करायला सांगावे. पहिल्या निकषाची उणीव मुले स्वतःच भरून काढतात.

त्याच लेखिकेने संपादित केलेले 'वाचू आनंदे' हे संच आठ वर्षांपुढील मुलांसाठी आहेत. बाल आणि कुमार असे त्यांचे दोन गट आहेत. मराठीतील निरनिराळ्या काळांतील वेचे आणि त्यांच्या जोडीला चित्रकलेचे नमुने त्यांत एकत्र आणले आहेत. शहरापासून दूरच्या शाळेतील मुलाला नामवंत चित्रकारांची चित्रे पाहायला मिळणे ही चैन नव्हे. सौंदर्याचा वाटाही समान असला पाहिजे, असे मानणाऱ्यांना तरी ती तशी वाटू नये.

नऊ ते बारा या वयातील मुलांसाठी संगीता बर्वे यांची 'पियूची वही' सुचविता येईल. तिला २०२२ सालचा साहित्य अकादमी बालसाहित्य पुरस्कार मिळाला आहे. एका मुलीने सुट्टीत लिहिलेल्या रोजनिशीचे रूप या पुस्तकाला आहे, आणि त्याचा उपयोग नुसत्या वाचनापुरता नाही. ते वाचून झाल्यावर मुलांच्या हाती कोऱ्या वह्या द्याव्यात. अनिल अवचट यांचे 'सृष्टीत... गोष्टीत' याच वयाचे. अकादमीने २०१० साली हा पुरस्कार सुरू केला तेव्हा मराठीतील पहिला मान या पुस्तकाला मिळाला. हमाल, विडी कामगार, हळद कामगार यांच्या जीवनावर मोठ्यांसाठी लिहिणाऱ्या या लेखकाची साधी वाक्ये मुलांना जवळची वाटतात.

सलीम मुल्ला यांची 'जंगल खजिन्याचा शोध' ही कादंबरी २०१९ च्या पुरस्काराची मानकरी. लेखक वनखात्यात नोकरी करणारे आहेत, त्यामुळे जंगल हे नुसते देखावा म्हणून आलेले नाही. मराठी साहसकथेची परंपरा मोठी आहे, भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. त्या परंपरेत ग्रामीण आणि वनप्रदेशातील जीवनाची माहिती असलेले लेखक येऊ लागले आहेत ही समाधानाची गोष्ट होय.

किशोरांसाठी

बारा-तेरा वर्षांपुढील मुलांना बालपुस्तके पोरकट वाटू लागतात आणि मोठ्यांची पुस्तके जड जातात. वाचन सुटते ते बहुधा या वयात. नेमक्या याच वयासाठी चळवळीच्या दृष्टीने महत्त्वाची पुस्तके आहेत.

त्यांत पहिले नाव ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा' या पुस्तकाचे. २०१७ साली त्याला अकादमीचा पुरस्कार मिळाला. डोंगरखोऱ्यातील एक गाव, तेथील झाडे, जनावरे, खेळ, माणसांचा एकमेकांतील जीव, आणि धरणामुळे हे सारे पाण्याखाली जाणार ही बातमी, हे सर्व एका मुलाच्या नजरेने पाहिलेले आहे. कोयनेपासून महाराष्ट्राने किती धरणे बांधली आणि किती गावे उठविली, यावर चळवळीने मोर्चे काढले, परिषदा घेतल्या. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्यात १९७६ साली आला, त्यामागे अशा लढ्यांचा रेटा होता. परंतु एकरी मोबदल्याच्या कोष्टकात न बसणारे काय काय बुडते, हे तेरा वर्षांच्या मुलाला समजवायचे असेल तर निवेदने उपयोगी पडत नाहीत. हे पुस्तक उपयोगी पडते. पुण्या-मुंबईच्या मुलांनी तर ते अवश्य वाचावे. नळाला येणारे पाणी आणि घरात येणारी वीज कोणाच्या गावावरून येते, हा प्रश्न ते पुस्तक मिटल्यावर मनात उरतो.

प्रकाश नारायण संत यांची लंपनची चार पुस्तके, 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर', ही १९९४ ते २००३ या काळातील. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या एका मुलाचे ते अंतरंग आहे. त्यांत कोणताही सामाजिक प्रश्न मांडलेला नाही, मग त्यांची शिफारस या व्यासपीठावरून कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की दुसऱ्याच्या मनात शिरता येणे हीच सामाजिक जाणिवेची पहिली पायरी आहे. शिवाय मराठी आणि कानडी यांच्या सीमेवर वाढणाऱ्या या मुलाच्या बोलण्यात दोन्ही भाषा सुखाने नांदतात. सीमेवरून एकमेकांची वाहने फोडणाऱ्यांपेक्षा त्याला अधिक कळते.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही २००४ सालची कादंबरी नववी-दहावीच्या मुलांच्या हाती निःसंकोच द्यावी. काही पालकांना तिच्यातील कोवळ्या प्रेमाचा संकोच वाटतो. तो अनाठायी आहे. कथा घडते ती आणीबाणीच्या काळात. २५ जून १९७५ ला जाहीर झालेली आणीबाणी आजच्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकातील एका परिच्छेदाएवढी माहीत असते. वर्गातील सत्ता, शिक्षकांची भीती, न बोललेल्या गोष्टी आणि बाहेरच्या देशातील दडपण यांचा संबंध येथे कोणीही भाष्य न करता जुळत जातो. त्याच लेखकाचे 'गोष्ट मेंढा गावाची' हे २०१२ सालचे पुस्तक सोळा वर्षांपुढील मुलांना द्यावे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने ग्रामसभेच्या बळावर आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क वनहक्क कायद्याखाली २००९ साली कसा मिळविला, याची ती हकीगत आहे. सर्वसहमतीने निर्णय घेणारे गाव महाराष्ट्रातच आहे, हे कळल्यावर लोकशाही म्हणजे पाच वर्षांनी येणारे मतदान एवढीच कल्पना उरत नाही.

जातीच्या प्रश्नावर किशोरांना काय द्यावे? 'बलुतं', 'उपरा' यांसारखी आत्मकथने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना द्यावीत, पण ती एकट्याने वाचायला देऊन मोकळे होऊ नये. वाचल्यानंतर बोलायला कोणीतरी हवे. त्याआधीच्या वयासाठी 'भीमायन' हे चित्रमय पुस्तक आहे. ते इंग्रजीत २०११ साली निघाले आणि हिंदीतही उपलब्ध आहे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकार दांपत्याने डॉ. आंबेडकरांना पाणी, निवारा आणि प्रवास यांबाबत आलेले अस्पृश्यतेचे अनुभव आपल्या पारंपरिक शैलीत रंगविले आहेत. दुर्गाबाईंचीच चित्रे असलेले कांचा इलय्या यांचे २००७ सालचे इंग्रजी पुस्तक श्रमप्रतिष्ठेवर आहे. कुंभार, चांभार, विणकर, धोबी, न्हावी, शेतकरी यांच्या कामात किती ज्ञान साठलेले आहे, हे त्यात एकेका प्रकरणातून सांगितले आहे. कार्यकर्त्याने ती प्रकरणे स्वतः वाचून मुलांना मराठीत सांगावीत आणि मग मुलांना गावातील त्या त्या कारागिराकडे घेऊन जावे.

आणि या सर्वांच्या जोडीला एक जुना मजकूर. जोतिराव आणि सावित्रीबाई यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध एका शाळकरी मुलीचा आहे, ही गोष्ट शाळकरी मुलांना सांगितली म्हणजे त्यांचे डोळे विस्फारतात. मुलांनी फक्त वाचायचे असते असे नाही. ती लिहूही शकतात आणि त्यांचे लिहिणे समाजाला जाब विचारू शकते.

किमतीचा प्रश्न

येथपर्यंत निवड झाली. आता वाटप.

बाजाराला मागणी कळते, गरज कळत नाही. मागणी म्हणजे खिशातील पैशाने पाठबळ दिलेली इच्छा. आणि मुलाला खिसा नसतो. खरेदी पालक करतो, आणि पालकापुढे परीक्षा असते. म्हणून ज्या घरात गोष्टीच्या पुस्तकासाठी शंभर रुपये निघत नाहीत, त्याच घरात पोटाला चिमटा घेऊन गाईड, प्रश्नसंच आणि क्लासची फी भरली जाते. यात पालकाचा दोष नाही. नोकऱ्या कमी आणि उमेदवार पुष्कळ असलेल्या अर्थव्यवस्थेत तो आपल्या परीने शहाणपणानेच वागत असतो.

मागणी कमी म्हणून आवृत्ती लहान, आवृत्ती लहान म्हणून प्रतीमागचा खर्च जास्त, खर्च जास्त म्हणून किंमत जास्त, आणि किंमत जास्त म्हणून पुन्हा मागणी कमी. रंगीत चित्रांच्या पुस्तकात हे चक्र अधिकच आवळले जाते, कारण चित्रकाराचे मानधन आणि छपाईची पूर्वतयारी यांचा खर्च पाचशे प्रतींना लागतो तेवढाच पाच हजारांना लागतो. सरकारने छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर ठेवलेला नाही ही चांगली गोष्ट. पण छपाईच्या कागदावर तो आहे, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे कागदावर भरलेल्या कराची वजावट प्रकाशकाला मिळत नाही. तो कर शेवटी मुलाच्या पुस्तकाच्या किमतीत येऊन बसतो.

हे चक्र तोडता येते हेही अनुभवाने सिद्ध झालेले आहे. सोव्हिएत संघातून मराठीत येणारी मुलांची पुस्तके साठ ते ऐंशीच्या दशकांत लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनांत नाममात्र किमतीला मिळत. उत्तम चित्रे, टिकाऊ बांधणी आणि मजूर बापालाही परवडणारी किंमत यांमुळे ती गावोगाव पोहोचली. त्यांमागील राजकारणाबद्दल समाजवाद्यांचे मतभेद होते आणि ते रास्त होते. पण किंमत ही निसर्गनियमाने ठरत नसून धोरणाने ठरते, हे त्या पुस्तकांनी दाखवून दिले. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला आणि तो झरा आटला. दुसऱ्याच्या तिजोरीवर उभी राहिलेली व्यवस्था तिजोरीबरोबरच जाते, हा त्यातील दुसरा धडा.

देशातही मार्ग निघाले. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने मुलांसाठी नेहरू बाल पुस्तकालय ही माला काढून एकच सचित्र पुस्तक अनेक भारतीय भाषांत आणले. रंगीत छपाईत चित्रांचे तीन रंग तसेच ठेवून फक्त काळ्या शाईचा, म्हणजे मजकुराचा, साचा भाषेगणिक बदलता येतो. त्यामुळे चित्रांचा खर्च सर्व भाषांत वाटला जातो. चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाने मराठीसह नऊ भाषांत पुस्तके काढली. २००४ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सने पुढे २०१५ पासून आपल्या गोष्टी कोणालाही विनामूल्य वाचता, छापता आणि अनुवादित करता येतील अशा खुल्या ठेवल्या. मराठीतील बालभारतीचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ पासून अल्प किमतीत चालू आहे. सहकाराचे तत्त्व साखर कारखान्यांत हरवले असे म्हणणाऱ्यांनी ते पुस्तकांच्या छपाईत कसे टिकून आहे ते पाहावे.

कुलूपबंद कपाट

सर्वांत मोठा साठा मात्र सरकारी शाळांत आहे. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेपासून शाळांना पुस्तके मिळत आली आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असले पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. गोष्टींच्या पुस्तकांचा असा नावाने उल्लेख कायद्यात असणे ही लहान बाब नव्हे. समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय-अनुदानाची तरतूद करण्यात आली.

मग मुले वाचत का नाहीत? 'असर' च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येत नाही. अक्षरओळख झाल्यानंतर वाचायला काही मिळाले नाही तर ती ओळख मोडते, हे त्याचे एक कारण. आणि वाचायला मिळत नाही, कारण पुष्कळ ठिकाणी पुस्तके कपाटात आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते. मुख्याध्यापकांना दोष देणे सोपे आहे. पुस्तकांची नोंद साठ्याच्या वहीत असते. तपासणीत एक प्रत कमी भरली तर उत्तर त्यांना द्यावे लागते. फाटलेल्या पुस्तकाबद्दल विचारणारे पुष्कळ, न वाचलेल्या पुस्तकाबद्दल विचारणारा कोणीच नाही. अशा व्यवस्थेत कुलूप लावणे हेच सुरक्षित ठरते.

येथे साधा हिशेब मांडावा. शंभर रुपयांचे पुस्तक चाळीस मुलांनी वाचून फाटले, तर एका वाचनाचा खर्च अडीच रुपये पडला. तेच पुस्तक दहा वर्षे कपाटात कोरे राहिले, तर हिशेबाच्या वहीत ते शाबूत आहे आणि समाजाचे शंभरच्या शंभर रुपये बुडाले आहेत. फाटलेले पुस्तक हा तोटा नाही. कोरे राहिलेले पुस्तक हा तोटा आहे. वापराने झिजलेली पुस्तके दरवर्षी काही प्रमाणात विनाचौकशी निर्लेखित करण्याची मुभा शाळांना मिळाली पाहिजे. ही मागणी लहान दिसते, परंतु तिला पैसा लागत नाही आणि तिने लाखो पुस्तके मोकळी होतील.

कार्यकर्त्याचे काम

मागणी करून थांबायचे नाही. पाच कामे पक्षाच्या कोणत्याही शाखेला करता येण्यासारखी आहेत.

एक, शाळा व्यवस्थापन समितीत जावे. शिक्षणहक्क कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. पालक असलेल्या कार्यकर्त्याने समितीच्या बैठकीत दोनच प्रश्न विचारावेत : ग्रंथालयाच्या अनुदानातून या वर्षी कोणती पुस्तके आली, आणि गेल्या महिन्यात किती पुस्तके मुलांच्या घरी गेली? यादी करताना येथे सांगितलेली नावे पुढे ठेवावीत.

दोन, पुस्तकांची पेटी सुरू करावी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेतून पेट्यांचा प्रयोग करून दाखविला आहे. सरासरी शंभर रुपयांची पन्नास पुस्तके घेतली तर पाच हजारांत पेटी होते. पाच वस्त्यांत पाच पेट्या ठेवून दर दोन महिन्यांनी त्या फिरवल्या, तर प्रत्येक वस्तीतील मुलाला वर्षभरात अडीचशे पुस्तके पाहायला मिळतात. एका जाहीर सभेच्या मंडपाला आणि ध्वनिक्षेपकाला जो खर्च येतो, त्यात अशी एखादी पेटी सहज बसते.

तीन, मोठ्याने वाचून दाखवावे. पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरातील मुलाला पुस्तक नुसते देऊन भागत नाही. पुस्तकातून आवाज निघतो हे त्याने एकदा ऐकावे लागते. आठवड्यातून एक तास, समाजमंदिरात, पारावर किंवा कामगार वसाहतीच्या जिन्यात. वाचणाऱ्याने अर्थ सांगत बसू नये, तात्पर्य विचारू नये. मुले प्रश्न विचारतील तेव्हा उत्तर द्यावे, आणि उत्तर माहीत नसेल तर मुलांबरोबर शोधावे.

चार, ऊसतोड, वीटभट्टी आणि बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी पेटी त्यांच्याबरोबर जाईल अशी योजना करावी. शाळेचे कपाट त्यांच्या मागे तळावर येत नाही. मुकादमाच्या ट्रॅक्टरमध्ये भांड्यांच्या बोचक्याशेजारी एका लोखंडी पेटीला जागा होऊ शकते, आणि तळावरील एखादी सातवी-आठवी शिकलेली मुलगी तिची ग्रंथपाल होऊ शकते.

पाच, मुलांकडून लिहून घ्यावे. ज्या घरांची पुस्तके अजून कोणी लिहिलेली नाहीत, त्या घरांतील मुलेच ती लिहितील. हैदराबादच्या 'अन्वेषी' या संस्थेने २००८ साली दलित, मुस्लिम आणि अन्य उपेक्षित समाजांतील बालपणावरच्या गोष्टींची एक माला तेलुगू, मलयाळम आणि इंग्रजीत काढली. तिचे बरेच लेखक त्या त्या समाजातीलच होते. मराठीत असे काम सुटेसुटे होत आहे. त्याला संघटित रूप देण्याची जबाबदारी संघटनेत काम करणाऱ्यांचीच आहे.

या कामात निवडणुकीचा लाभ नाही. दहा वर्षांच्या मुलाला मत नसते, आणि त्याच्या हाती दिलेल्या पुस्तकाचे फळ दिसायला पंधरा वर्षे लागतात. कदाचित ते पक्षाच्या पदरात पडणारही नाही. ते मूल मोठे होऊन पक्षाचाच विरोधकही होईल. पण स्वतः वाचून, स्वतः विचार करून विरोध करणारा नागरिक हा ऐकीव द्वेषावर पोसलेल्या अनुयायापेक्षा लोकशाहीला केव्हाही अधिक हवा आहे.

म्हणून ज्या शाखांचे प्रतिनिधी या अभ्यासवर्गाला आले आहेत, त्यांनी गावी परतल्यावर शाखेच्या पहिल्याच बैठकीत हा विषय शेवटी न ठेवता आरंभी ठेवावा. जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, ते विचारून यावे. कामाची सुरुवात तेथून होते.